एका मोटारीच्या जागेत दहा सायकली : मुलुंडमधील एका सोसायटीचा प्रकरण अभ्यास

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मुलुंड पूर्वेतील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर एक नोटीस लागली. जिन्यांत, मजल्यांवरच्या मोकळ्या जागेत आणि स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यातील, खांबांना बांधून ठेवलेल्या सर्व सायकली पंधरा दिवसांत हलवाव्यात, अन्यथा त्या बेवारस समजून भंगारात दिल्या जातील, असा तिचा मजकूर होता. नोटिशीमागचे कारण खोटे नव्हते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीची अग्निसुरक्षा सांभाळणे ही तिथे राहणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि अंधारात धूर भरलेल्या जिन्यातून उतरताना आडवी आलेली सायकल काय करू शकते, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. मात्र स्टिल्टमधल्या खांबाला बांधलेली सायकल कोणत्याही जिन्याच्या आड येत नव्हती, तरी तिलाही त्याच यादीत घातले होते. आणि सायकली हलवायच्या तर कुठे, याबद्दल नोटिशीत एक शब्द नव्हता. संस्थेत ८४ सदनिका आहेत, मोटारींसाठी आखलेल्या ५२ जागा आहेत आणि त्या वेळी सायकलीसाठी एकही जागा नव्हती.

पुढे जे लिहिले आहे त्यात मी तटस्थ निरीक्षक नाही, हे आधीच सांगायला हवे. मी तीन वर्षे घरापासून स्टेशनपर्यंत सायकलने जात होते आणि खांबाला बांधलेल्या सायकलींपैकी एक माझी होती.

मुलुंड पूर्व हा भाग रेल्वेमार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात वसला आहे. महामार्गापलीकडे मिठागरे आणि पुढे खाडी. मिठागर रोड हे नाव अजून त्याची साक्ष देते. जमीन सपाट आहे, चढ नावाला नाही. आमच्या फाटकापासून स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंतचे अंतर सुमारे एक किलोमीटर चारशे मीटर भरते. चालत अठरा ते वीस मिनिटे लागतात, सायकलने सात-आठ. आणि रिक्षाने किती लागतात हे रिक्षा मिळण्यावर अवलंबून असते. सायकलीसाठी यापेक्षा सोयीचे अंतर शोधूनही सापडणार नाही. तरीही सकाळी आठ ते दहा या वेळेत नवघर रोडवर पाहिले तर दुतर्फा उभ्या मोटारी, त्यांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत थांबलेल्या मोटारी आणि उरलेल्या फटीतून वाट काढणाऱ्या रिक्षा एवढेच दिसते. मुंबईत रस्ते सुमारे २,००० किलोमीटर आहेत आणि नोंदणी झालेली वाहने ४५ लाखांहून अधिक; त्या गुणोत्तराचा अर्थ समजून घ्यायला नवघर रोडवर पाच मिनिटे उभे राहणे पुरेसे आहे.

नोटीस लागण्याच्या आधीचा आमचा प्रयत्न येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण तो साफ फसला आणि का फसला हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. २०२३ च्या अखेरीस संस्थेतील दोन तरुण आणि मी, अशा तिघांनी परिसरातील एका रुंद रस्त्यावर सायकल ट्रॅक व्हावा यासाठी सह्या गोळा केल्या. अर्जात २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा आधार घेतला होता. रस्त्यावरील जागेची वाटणी करताना वाहनांऐवजी माणसांचा विचार व्हावा, हे तत्त्व त्या धोरणात मांडलेले आहे. अर्ज एका सरकारी कार्यालयात दिला. तेथून तो दुसऱ्या कार्यालयात गेला, चार महिन्यांनी पोच मिळाली आणि पुढे काही झाले नाही.

आज मला वाटते की तो अर्ज मंजूर झाला असता तरी फारसे काही साधले नसते. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने कोट्यवधी रुपये खर्चून सायकल ट्रॅक बांधला. त्यावर सायकलींपेक्षा उभ्या मोटारी आणि दुचाक्याच अधिक दिसल्या. पवई तलावाच्या काठाने महापालिकेने हाती घेतलेला ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवला आणि झालेले बांधकाम काढून तलावाचा काठ पूर्ववत करायला सांगितले. पाणथळ जागा बुजवून सायकलीला वाट काढून देणे मला सायकलस्वार म्हणूनही पटत नाही, त्यामुळे तो निकाल योग्यच वाटतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा मार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू या तिन्हींवर सायकलीला प्रवेश नाही. म्हणजे शहराच्या कल्पनेत सायकलीची जागा दोनच ठिकाणी उरली आहे : तलावाकाठची सकाळची रपेट आणि रविवारचा रिकामा रस्ता. आमच्या अर्जातही नकळत हीच सायकल होती. घरातून निघून आठ वाजून बाराची लोकल पकडणारी सायकल त्यात नव्हती.

नोटीस लागल्यावर आम्ही व्यवस्थापन समितीची वेळ मागितली आणि कोपनहेगन व ॲमस्टरडॅमची छायाचित्रे घेऊन गेलो. ही दुसरी चूक. अध्यक्षांनी चार चित्रे शांतपणे पाहिली आणि विचारले, "तिकडे घाम येतो का हो?" सेक्रेटरी सत्तरीतले आहेत, त्यांचे उत्तर मात्र मला पुढे अनेक दिवस पुरले. ते म्हणाले, "वहिनी, आम्ही तीस वर्षं सायकल मारली ती हौस म्हणून नव्हे. मुलाने गाडी घेतली तेव्हा कुठे सुटलो." सायकलीचा प्रचार करणारे बहुतेक जण हे वाक्य ऐकत नाहीत, किंवा ऐकले तरी मागासलेपणा म्हणून सोडून देतात. ज्या पिढीने सायकल नाइलाजाने चालवली, तिच्यासाठी दारातली मोटार हा सायकलीतून सुटल्याचा दाखला असतो. त्या माणसाला युरोपातले श्रीमंत लोकही सायकल चालवतात असे सांगणे म्हणजे त्याची सुटका परत मागण्यासारखे आहे. बैठक वीस मिनिटांत संपली. एवढेच पदरात पडले की सायकली भंगारात देण्याची मुदत गणपतीनंतरपर्यंत वाढली.

त्यानंतर आम्ही मोजायला बसलो, आणि माझ्या मते प्रकरणाला वळण मिळाले ते इथे.

स्टिल्ट, जिने आणि गच्चीचा जिना मिळून ६१ सायकली निघाल्या. चाकात हवा असलेल्या फक्त १४. उरलेल्यांपैकी बहुतेक लहान मुलांच्या किंवा शाळकरी वयात हट्टाने घेतलेल्या गिअरच्या सायकली होत्या : जाड टायर, पुढे सस्पेन्शन, आणि मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर यांपैकी काहीही नाही. अशी सायकल दुकानात दिमाखदार दिसते, परंतु जूनच्या पहिल्या पावसात मागचे चाक चिखलाची रेघ थेट पाठीवर ओढते, ओढणी किंवा पँटची कड साखळीत जाते आणि दप्तर ठेवायला जागा नसते. दोन पावसाळ्यांत साखळी गंजून जाम होते. त्यापेक्षा काळी, बिनगिअरची, पूर्ण चेनकव्हरची साधी सायकल मुंबईच्या हवेत दहा वर्षे टिकते, पण ती घरी आणली की शेजारी विचारतात, "कोणासाठी घेतली?" कोणासाठी, म्हणजे कोणत्या नोकरासाठी.

दुसरी मोजणी फाटकावर केली. सलग सहा दिवस पहाटे साडेपाच ते साडेनऊ आम्ही आळीपाळीने वॉचमनच्या खुर्चीशेजारी वही घेऊन बसलो. सायकलने बाहेर पडणारे रहिवासी चार होते, माझ्यासकट. सायकलने संस्थेत येणारे मात्र १९ निघाले : दूध टाकणारे, पेपर टाकणारी दोन मुले, पाववाला, इस्त्रीवाला, दोन वॉचमन, आणि एक मोठा गट मोटारी धुणाऱ्यांचा. सहा जण रोज सायकलने येऊन आमच्या मोटारी धूत होते आणि त्यांपैकी एकालाही सायकल आत आणायची परवानगी नव्हती. त्यातला एक मुलगा फाटकाबाहेरच्या विजेच्या पेटीशी सायकल टेकवायचा, खिशातून पाना काढून पुढचे चाक उतरवायचा, आणि एका हातात बादली, दुसऱ्या हातात चाक घेऊन आत यायचा. चाक तो ज्या मोटारीला पाणी मारत असे तिच्याच बंपरला टेकवून ठेवायचा. विचारल्यावर म्हणाला, "ताई, मागल्या वर्षी एक गेली. आता बिनचाकाची कोण नेणार?" मी त्या फाटकातून तीन वर्षे रोज सायकलने जात होते आणि हे चाक मला एकदाही दिसले नव्हते. "सायकलस्वारांसाठी" म्हणून आम्ही जो अर्ज केला होता, त्यावर या १९ जणांपैकी एकाचीही सही आम्ही घेतली नव्हती.

या वहीमुळे मागणी बदलली. रस्ता, ट्रॅक, जनजागृती हे सर्व बाजूला ठेवून एकच गोष्ट मागायची ठरली : पाहुण्यांसाठी राखलेल्या दोन मोटारींच्या जागांपैकी फाटकाजवळची एक जागा सायकलींना द्यावी आणि तिथे रहिवाशांबरोबर कामावर येणाऱ्यांच्याही सायकली ठेवू द्याव्यात. जागा टेपने मोजली. अडीच मीटर बाय पाच मीटर भरली, आणि सुदैवाने तिची लांब बाजू वाहनमार्गाकडे उघडी होती. उलट्या यू आकाराचा लोखंडी पाइप जमिनीत पक्का बसवला तर त्याच्या दोन्ही अंगांना एकेक सायकल उभी राहते आणि सांगाडा व चाक दोन्ही एकाच कुलपात येतात. एक मीटर अंतराने असे पाच पाइप त्या जागेत बसतात. म्हणजे एका मोटारीच्या जागेत दहा सायकली.

सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव पडला. विरोधाचे कारण घाम नव्हते, अग्निसुरक्षाही नव्हते. एका सभासदाने उभे राहून सांगितले की ती जागा पाहुण्यांची नाहीच, आपण ती बिल्डरकडून पैसे मोजून घेतली आहे आणि केवळ सौजन्य म्हणून पाहुण्यांना वापरू देतो. सभेत कोणाकडेच उत्तर नव्हते. ते आम्ही नंतर शोधले आणि ते मुंबईतल्याच एका वादात सापडले : नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये स्पष्ट केले आहे की स्टिल्टमधील पार्किंगची जागा हा इमारतीच्या सामाईक भागाचा हिस्सा असून बिल्डरला ती सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही. जागांचे वाटप संस्थेने करायचे असते. वाहने जास्त आणि जागा कमी असल्यास दरवर्षी सोडत काढून वाटप करण्याची पद्धत गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, दिलेली आहे. आमच्या संस्थेत ती सोडत कधीही निघालेली नव्हती. हे लेखी मांडल्यावर त्या सभासदाने दावा सोडला असे नाही, पण समितीला हे प्रकरण जास्त उकरू नये असे वाटू लागले, आणि फाटकाजवळची ती जागा अचानक पुन्हा पाहुण्यांची झाली.

१ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २३ रुपयांवरून २६ रुपये झाले. आमचे अंतर पहिल्या दीड किलोमीटरच्या आत येत असल्याने प्रत्येक घराचा हिशेब सोपा होता : जाऊन-येऊन ५२ रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,३००. पर्यावरण, आरोग्य, प्रदूषण या मुद्द्यांवर सहा महिन्यांत जितके लोक बोलले नव्हते, तितके त्या आठवड्यात लिफ्टमध्ये बोलले. एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते; १७ सह्या लागणार होत्या, २६ मिळाल्या.

मार्चमधल्या त्या सभेत रहिवाशांच्या सायकलींवर वाद झालाच नाही. वाद झाला तो कामावर येणाऱ्यांच्या सायकलींवर. बाहेरच्यांच्या सायकली आत नकोत, चोऱ्या होतील, असे तीन जण बोलले. त्या वेळी सेक्रेटरी उठले. ते उमेदीच्या काळात लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या, भांडुपमधल्या एका कारखान्यात होते. त्यांनी सांगितले की त्यांच्या कंपनीत फाटकाच्या आत पत्र्याची लांब शेड होती, प्रत्येक सायकलीला पत्र्याचा नंबर मिळे आणि पाळी सुटल्यावर नंबर दाखवून सायकल काढावी लागे, "साहेबाच्या गाडीला सावली नव्हती, आमच्या सायकलीला होती." मग त्यांनी सुचवले की कामावर येणाऱ्यांना तसेच नंबर द्यावेत आणि वॉचमनने नोंद ठेवावी. ज्यांना आम्ही आठ महिने सायकलीचे विरोधक समजत होतो, त्यांना सायकलीची व्यवस्था आमच्यापेक्षा चांगली माहीत होती. आम्ही त्यांना ॲमस्टरडॅम दाखवले आणि भांडुपबद्दल काही विचारले नाही. ठराव ३४ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर, आणि संस्थेच्या निधीतून खर्च न करता.

स्टँड पहिल्या खेपेला चुकला. आम्ही दिलेले माप वेल्डरला उधळपट्टीचे वाटले आणि जास्त सायकली मावतील म्हणून त्याने पाइप साठ-साठ सेंटिमीटरवर बसवले. परिणाम असा की शेजारच्या दोन सायकलींची हँडले एकमेकांत अडकत, एक काढायला गेले की दुसरी पडे. पाइप उपटून पुन्हा बसवावे लागले. जाता जाता एक नोंद : शाळा आणि दुकानांबाहेर दिसणारे, नुसते पुढचे चाक खाचेत घालायचे स्टँड स्वस्त पडतात, पण धक्का लागला की सगळा भार रिमवर येतो आणि चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला दुकानात जावे लागते. शिवाय कुलूप फक्त चाकालाच लागते, आणि बिनसांगाड्याचे चाक मागे सोडून सायकल नेता येते, हे आमच्या फाटकावरच्या मुलाने उलट्या बाजूने शिकवलेच होते.

एप्रिलच्या अखेरीस स्टेशनला सायकलने जाणारे रहिवासी चारावरून अकरा झाले. ९ मे रोजी बेस्ट बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले, तेव्हा आणखी दोघांची भर पडली. त्याच महिन्यात, पार्किंगची जागा असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नव्या वाहनाची नोंदणी होणार नाही, असे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केले, आणि स्टँडची जागा मोटारीसाठी परत मागणारी दोन पत्रे समितीकडे आली. ती फाइलमध्येच राहिली. जुलैच्या पावसात तेरा रहिवाशांचे पाच उरले. कामावर येणाऱ्यांची संख्या मात्र पावसाने कमी झाली नाही, कारण त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

या आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. एकाही कुटुंबाने मोटार विकलेली नाही. घरकामाला येणाऱ्या स्त्रियांपैकी एकही सायकलने येत नाही. त्या पूर्वीही वीस-पंचवीस मिनिटे चालत येत होत्या आणि आजही येतात. त्यांतल्या एकीला विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "मला कोण शिकवणार होतं ताई, भावाला शिकवली." स्टँड या अडचणीच्या जवळपासही पोचत नाही.

प्रवासाच्या दुसऱ्या टोकाचे कोडेही सुटलेले नाही. स्टेशनजवळच्या एका वाहनतळावर सायकल घेऊन गेल्यावर तिथल्या माणसाने सांगितले की दुचाकीची पावती आहे, मोटारीची आहे, सायकलीचे पावतीपुस्तकच नाही, त्यामुळे ठेवता येणार नाही. दुचाकीचे पैसे देते म्हटले तरी तो तयार झाला नाही, कारण दुचाकीच्या पावतीवर गाडीचा नंबर लिहावा लागतो आणि सायकलीला नंबर नसतो. शेवटी पंक्चर काढणाऱ्या एका दुकानदाराशी महिना दोनशे रुपयांवर ठरले. त्याच्या दुकानामागच्या बोळात सहा सायकली राहतात, संध्याकाळी नऊला तो साखळी ओढतो, आणि ज्यांची लोकल चुकते त्यांची सायकल रात्रभर तिथेच असते. सातव्या सायकलीला जागा नाही. आमच्या तेरा जणांपैकी उरलेले कोणी रेलिंगला, कोणी ओळखीच्या दवाखान्याच्या पायरीला सायकल बांधतात, आणि ऑगस्टमध्ये त्यांपैकी एक चोरीला गेली. तिच्या मालकाने दुसरी घेतलेली नाही.

हे लिहिले तेव्हा सहा महिन्यांची मुदत सप्टेंबर २०२५ मध्ये संपायची होती. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत आठवा विषय स्टँड कायम करण्याचा होता आणि नववा, सेक्रेटरींनी स्वतः घातलेला, त्यावर पत्रा टाकण्याचा. पाचव्या पाइपाला दोन महिने एक गंजलेली लाल सायकल कुलूप लावून उभी होती. ती कोणाची हे वहीत सापडत नव्हते, आणि ती भंगारात द्यावी की नाही यावर समितीत एकमत झालेले नव्हते.